ट्रॅकेलेक्टॉमीनंतरचे त्रास : पाळी अडते आहे, पाय जड होतो आहे (बडोद्यात कोणी यातून गेलंय का?)

निशिगंध_दांडियाबाजार

विषय नाजूक आहे म्हणून वेगळ्या आयडीने लिहिते आहे, ॲडमिननी सांभाळून घ्यावं.

वय ३१. संबंधांनंतर अंगावरून जायचं म्हणून तपासलं तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. स्टेज आयबी१, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत. मूल नाही आणि हवं आहे, म्हणून मुंबईला पोटावरून रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी केली, म्हणजे तोंड काढलं आणि पिशवी ठेवली. गाठी (लिम्फ नोड) स्वच्छ आल्या, रेडिएशन लागलं नाही. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कॅन्सरच्या बाजूने सगळे रिपोर्ट चांगले आहेत, देवाची कृपा.

पण बाकीचं कोणी नीट सांगत नाही.

पाळी आधी व्यवस्थित यायची. ऑपरेशननंतर दोन दिवसांवर आली, मग नुसतं डागावर, आणि आता तारखेला तपकिरी ठिपका. पोटात मात्र कळा अशा येतात की जमिनीवर मांडी घालून बसवत नाही. इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी न करताच "ऑपरेशननंतर असं होतंच" म्हणून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई म्हणतात, बरं झालं, पाळीची कटकट कमी झाली.

उजवा पाय संध्याकाळपर्यंत जड होतो, पैंजण रुतून वळ उठतो. लघवीला लागल्याचं कळत नाही, घड्याळ बघून जाते. आणि नवरात्र महिन्यावर आलं आहे, गरबा खेळायचा की नाही हेही कोणाला विचारू कळत नाही.

बाळाचं विचारायचंच आहे, पण आधी हे.

रावपुऱ्याची_सून

निशिगंध, बाकी सगळं बाजूला ठेव आणि सोनोग्राफी करून घे. तारखेला कळा येतात आणि रक्त येत नाही याचा अर्थ रक्त तयार होतंय, बाहेर पडत नाहीये. मला डिट्टो हेच झालं होतं. माझी खालून केलेली सर्जरी, तरीही. नवीन तोंड चिकटलं होतं. भूल देऊन उघडलं तेव्हा काकवीसारखं दाट, काळं रक्त निघालं, डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोट इतकं हलकं वाटलं की मी घरी येऊन आधी शेव उसळ मागवली.

आणि सोनोग्राफी कळा चालू असतानाच कर. मधल्या दिवसांत साठलेलं थोडं झिरपून जातं आणि रिपोर्ट "नॉर्मल" येतो.

ओपीडीतून

मी बडोद्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कॅन्सर सर्जन नाही. इथे लिहितो आहे ते समजण्यासाठी, तपासणीच्या ऐवजी नाही.

वरच्या ताईंचा अंदाज बरोबर दिशेने आहे. या ऑपरेशनमध्ये गर्भाशयमुखाचा बहुतेक भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचे आधाराचे पदर आणि योनीची वरची कड काढतात. उरलेल्या पिशवीच्या मानेभोवती बहुतेक ठिकाणी न विरघळणारा टाका बांधतात, पुढे गर्भ सांभाळायला, आणि योनी तिथे शिवतात. म्हणजे नवीन तोंड ही एक भरत आलेली जखमच असते. जखम भरताना आकसते, त्यात टाक्याचा आवळ. दोन्ही मिळून भोक अरुंद होतं, कधी पूर्ण बंद. साधारण दहातल्या एकीला हा त्रास होतो. पोटावरून केलेल्या सर्जरीत थोडा जास्त दिसतो. म्हणूनच काही सर्जन ऑपरेशनच्या वेळीच तिथे बारीक नळी ठेवतात.

पाळी कमी होण्याची इतरही कारणं असतात : अंडाशयाचं काम, थायरॉइड, आणि हो, गर्भधारणासुद्धा. वेगळं ओळखायची खूण एकच, महिन्याच्या महिन्याला येणारी कळ. कळ आहे आणि रक्त नाही, तर वाट अडली आहे असंच धरून चालायचं आणि बघायचं.

हार्मोनच्या गोळ्यांनी अस्तर पातळ होतं, रक्तच कमी बनतं, दुखणं दबतं. बंद तोंड तसंच राहतं. तारीख मिळेपर्यंत दोन-चार आठवडे दुखणं थोपवायला गोळ्या ठीक, तो इलाज नव्हे. साठलेलं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जात राहिलं तर एंडोमेट्रिओसिसचं (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) वेगळं लचांड मागे लागू शकतं, आणि तुम्हाला मूल हवं आहे.

निशिगंध_दांडियाबाजार

डॉक्टर, उघडतात म्हणजे नक्की काय करतात? आणि पुन्हा बंद होत नाही ना?

ओपीडीतून

स्टीलच्या गुळगुळीत सळ्या असतात, हेगर डायलेटर म्हणतात. अगदी बारीक जाडीपासून सुरू करून एकेक जाड सळी आत सारत तोंड रुंद करतात. पहिल्यांदा भूल देऊन आणि पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून केलेलं उत्तम, कारण व्रणामुळे रस्ता कुठे वळलाय ते हाताला कळत नाही आणि सळी भलतीकडे घुसू शकते. उघडल्यावर काही आठवडे आत मऊ नळी ठेवतात, म्हणजे कडा पुन्हा चिकटत नाहीत.

पुन्हा बंद होतं का? होतं, काहींना. मग पुन्हा करावं लागतं. टाकाच फार आवळला असेल तर तो काढायचा विचार होतो, आणि गर्भधारणेसाठी नंतर पोटातून नवा घालता येतो. हा निर्णय मूळ सर्जनशी बोलल्याशिवाय कोणी घेऊ नये.

शक्यतो हे काम ज्यांनी आधी केलं आहे त्यांच्याकडूनच करून घ्या. आत टाका आहे हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती सळी देऊ नका. डिस्चार्ज समरी नव्हे, पूर्ण ऑपरेशन नोट मागून घ्या. तो तुमचा कागद आहे.

कारेलीबागचे_काका

माफ करा, पण मला कळत नाही की एवढा उपद्व्याप करायचा कशाला. आमच्या वहिनींची पिशवी काढली, वीस वर्षं ठणठणीत आहेत. जीव आधी, मूल नंतर. दत्तकही घेता येतं.

रावपुऱ्याची_सून

काका, तुमच्या वहिनींचं वय काय होतं आणि मुलं किती होती?

ओपीडीतून

काका, शंका रास्त आहे, बऱ्याच घरांत हीच असते. पण ही हट्टाने घेतलेली जोखीम नाही. फ्रान्समध्ये ल्यों इथले सर्जन दानिएल दार्जां यांनी १९९४ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली, तेव्हापासून निवड कडक आहे : गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत, नोड स्वच्छ, आणि न्यूरोएंडोक्राइन जातीचा (झपाट्याने पसरणारा) कॅन्सर नको. अशा निवडक बायकांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आत आहे, म्हणजे पिशवी काढलेल्यांच्या आसपासच. आणि लघवीचे, पायाचे त्रास म्हणाल तर ते पिशवीसकट मोठं ऑपरेशन केलं तरी होतात, कारण बाजूचे पदर आणि नोड दोन्हींत निघतात.

फिजिओ_अलकापुरी

पायाबद्दल मी लिहिते, माझं रोजचं काम आहे.

आधी एक गोष्ट पक्की कर. सूज अचानक आली, पोटरी दाबली की दुखते, गरम लागते, असं असेल तर माझ्याकडे यायचं नाही, त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करायचा. ती शिरेतली गुठळी असू शकते. आणि ओटीपोटात लिम्फचं पाणी साठून पिशवी झाली असेल (लिम्फोसिस्ट), ती शिरेवर दाबते तरी पाय सुजतो. बहुतेक लहान असतात, आपोआप जिरतात. मोठ्या झाल्या, ताप आला किंवा लघवीची नळी दाबली गेली तर सुईने काढावं लागतं. सोनोग्राफीला जाशीलच तर नोड काढलेली जागा आणि किडन्याही बघायला सांग.

हे नसेल, आणि सकाळी बरा, संध्याकाळी जड असा पाय असेल तर ती लिम्फची सूज, नोड काढल्यामुळे पायातलं लिम्फचं पाणी नीट वर जात नाही म्हणून. घरातली शिवणाची टेप घे. घोटा, घोट्यापासून ठरावीक अंतरावर पोटरी, गुडघ्याच्या वर मांडी, बॉलपेनने खुणा करून दोन्ही पाय मोज. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी. दोन पायांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर थांबू नको. सुरुवातीला सूज अंगठ्याने दाबली की खड्डा पडतो, त्या टप्प्यावर ती पुष्कळ आटोक्यात येते. कातडी टणक झाल्यावर कष्ट वाढतात.

स्टॉकिंग मापाने शिवलेला किंवा माप घेऊन निवडलेला, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा. मेडिकलमधून अंदाजे "मीडियम" आणलेला वरच्या बाजूला गुंडाळतो आणि तिथेच करकोचा पाडतो, सूज खाली अडकते. गरम तेलाने रगडून मालिश करणाऱ्या बायकांना पाय देऊ नको, कितीही शपथा घालू देत. लिम्फचा मसाज अगदी हलक्या हाताचा असतो, आधी पोट-मांडी मोकळी करायची, मग खालून वर. आणि लघवी जास्त व्हायच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, कोणी देत असेल तर का ते विचार.

आता गरबा. खेळ की! स्नायू हलले की लिम्फ वर चढतं, गरब्यासारखा व्यायाम नाही. अडचण आहे ती अनवाणी खेळण्याची. मैदानात बारीक खडे, काटा, कोणाचं तरी पायावर आलेलं जोडवं. साधी खरचटलेली जागा या पायात सेल्युलायटिस करू शकते, लालबुंद पाय आणि थंडी वाजून ताप. एकदा झाला की सूज कायमची वाढू शकते. म्हणून स्टॉकिंग, त्यावर जाड मोजा, त्यावर मऊ तळव्याची मोजडी. दोष लागत नाही, मी विचारलंय. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या, चिखल्या असतील तर आधी त्यांचा मलम.

कारेलीबागची_मावशी

अगं पोरी, पुनर्नवेचा काढा घे, सुजेला रामबाण. आणि पाळी उतरायला ओवा-गुळाचं पाणी. आमच्याकडे सगळ्या बायकांना दिलं.

ओपीडीतून

मावशी, तोंड बंद असेल तर पाळी उतरवायला काहीही देऊ नका. आत दाब वाढून कळा दुप्पट होतील. काढ्याचं म्हणाल तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत त्यांना दाखवून मगच.

सिस्टर_वाघोडिया_रोड

लघवीचं राहूनच गेलं. बाजूचे पदर काढताना मूत्राशयाच्या नसा ताणल्या जातात, काही कापल्या जातात. त्यामुळे भरल्याची जाणीव जाते आणि पूर्ण रिकामंही होत नाही. बहुतेकींचं काही महिन्यांत सुधारतं. तोवर तुम्ही घड्याळ बघून जाता ते अगदी बरोबर आहे, दर तीन तासांनी. घाई करू नका. झाली असं वाटलं की उठून दोन पावलं चाला, परत बसा, थोडं पुढे वाका. पुन्हा येते. पोट दाबून, जोर करून काढायची नाही.

सोनोग्राफीच्या वेळी लघवी करून आल्यावर आत किती उरली ते मोजायला सांगा. पुन्हा पुन्हा १०० मिलीच्या वर उरत असेल तर युरॉलॉजिस्टला दाखवा. काहींना स्वतः नळी घालायला शिकवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण आमच्या वॉर्डात बायका आरशात बघत पटकन शिकतात, मग आरसाही लागत नाही. उरलेली लघवी साचू दिली तर इन्फेक्शन वर किडनीपर्यंत जातं.

नवरा_म्हणून

बाईंच्या धाग्यात लिहू की नको असं वाटत होतं. माझ्या बायकोचं हेच ऑपरेशन झालंय. डॉक्टर "सहा आठवड्यांनी संबंध ठेवायला हरकत नाही" एवढंच म्हणतात. त्या टाक्याचं टोक बाहेर आलेलं असू शकतं, ते नायलॉनच्या तंगुसासारखं टोचतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मला टोचलं म्हणून कळलं! तिला वाटलं कॅन्सर परत आला, कारण अंगावरून थोडं जायलाही लागलं होतं. ओपीडीत पाच मिनिटांत टोक छाटलं.

नवरे मंडळी वाचत असतील तर, विचारा डॉक्टरांना. तिच्यावर सोडू नका.

ओपीडीतून

आभार, हे फार उपयोगी लिहिलंत. टाका घासून आजूबाजूला लाल दाणेदार मांस वाढतं, पांढरं जाणं वाढतं, वास येतो, कधी रक्त. बहुतेकदा निरुपद्रवी असतं, पण बघून, गरज पडली तर तुकडा तपासून मगच तसं म्हणायचं.

याच ओघात पॅप तपासणीचं (तोंडाजवळच्या पेशी घेऊन कॅन्सरसाठी बघतात ती) सांगतो. आता तोंड नसल्यामुळे नमुन्यात पिशवीच्या खालच्या भागातल्या पेशी येतात. पॅथॉलॉजिस्टला ऑपरेशन माहीत नसेल तर त्या पेशी "ॲटिपिकल ग्लँड्युलर", म्हणजे संशयास्पद ग्रंथीपेशी, म्हणून रिपोर्ट होतात आणि घरात रडारड. लॅबच्या फॉर्मवर "ट्रॅकेलेक्टॉमी झालेली" असं ठळक लिहायला लावा. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी, असा साधारण क्रम असतो.

निशिगंध_दांडियाबाजार

अपडेट. सोनोग्राफी केली, तारखेलाच. पिशवीत रक्त साठलेलं आहे. लघवी करून आल्यावर ८० मिली उरली. किडन्या ठीक, लिम्फोसिस्ट नाही. मुंबईच्या सर्जनशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी ऑपरेशन नोट मेल केली आणि इथल्या ज्या डॉक्टरांना हे काम येतं त्यांच्याशी स्वतः बोलले.

सासूबाईंना रिपोर्टमधला काळा भाग दाखवला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर ॲडमिट व्हायला.

निशिगंध_दांडियाबाजार

झालं तोंड उघडून. भुलीतून जागी झाले तर नर्स "निशिबेन, शांतीथी" म्हणत होती (नाव बदललंय) आणि कळ नव्हती. आत नळी आहे, ती काढेपर्यंत संबंध नाहीत, पोहणं नाही, ताप किंवा वास आला तर लगेच यायचं. या वेळची पाळी पाळीसारखी आली, मला चक्क आनंद झाला.

आता बाळाचं विचारते.

आता_आई

मी वाट बघत होते हा प्रश्न कधी येतो त्याची. लांबलचक लिहिते.

मला सर्जननी सहा महिने ते वर्ष थांबायला सांगितलं होतं, आणि आधी एक एमआरआय. दिवस राहायला वेळ लागला. तोंड अरुंद, त्यात पूर्वीसारखा चिकट स्रावही बनत नाही. शेवटी आयव्हीएफ केलं. तिथे दोन गोष्टी आग्रहाने मागा. गर्भ सोडायच्या आधी नुसती नळी आत जाते का त्याची रंगीत तालीम, म्हणजे ऐन वेळी झटापट नको. आणि एकच गर्भ सोडायचा. जुळ्यांचं वजन हे तोंड पेलत नाही. आमच्याकडे "दोन सोडू, चान्स वाढेल" असं सुचवलं गेलं, मी ठाम नाही म्हटलं.

पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. पाणी आधीच फुटलं. त्याबद्दल एवढंच लिहिते.

दुसऱ्या वेळी हाय-रिस्क म्हणून पहिल्यापासून नाव घातलं. चौथ्या महिन्यापासून दर दोन आठवड्यांनी खालून सोनोग्राफी करून उरलेल्या तोंडाची लांबी बघायचे, योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, लघवीचं आणि खालचं इन्फेक्शन वरचेवर तपासायचं. स्राव जरा पाण्यासारखा वाटला तरी रात्र असो, जायचं. ३४व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं आधीच झाली होती, सिझेरियन झालं. बाळ काही दिवस काचेत होतं. आता ते माझा मोबाइल पळवतंय, म्हणून टायपिंग असं.

ओपीडीतून

यात थोडी भर. या ऑपरेशननंतर दिवस पूर्ण भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण तिघींत एकीच्या आसपास आहे, म्हणून नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच नाव घाला. टाका असल्यामुळे बाळंतपण सिझेरियननेच, आणि कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेलं बरं. कळा आल्याच तर घरी थांबायचं नाही, टाक्यावर ताण येऊन पिशवी फाटण्याची भीती असते. गर्भ पोटात असताना गेला तर काय करायचं तेही आधीच बोलून ठेवा. लवकरच्या महिन्यांत टाका तसाच ठेवून बहुधा रिकामं करता येतं, नंतरच्या महिन्यांत निर्णय अवघड होतो.

खर्चाचं : मा कार्डात (गुजरात सरकारची आरोग्य योजना, आता आयुष्मान कार्डात विलीन) कॅन्सरचे उपचार बसतात, आयव्हीएफ बसत नाही. तो पैसा वेगळा धरा.

आता_आई

आणि एक कागद. रात्री नेहमीचे डॉक्टर नसतात. ड्यूटीवरची मुलगी सवयीने हातमोजा घालून तपासायला आली होती, मी थांबवलं आणि फाइलचं पहिलं पान दाखवलं. ते पान आधीच करून ठेव.

निशिगंध_दांडियाबाजार

असं लिहिलंय, बघा :

"रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी झालेली आहे. गर्भाशयमुख नाही. कायमचा टाका आहे. तोंड अरुंद झाल्याने डायलेटेशन झालेलं आहे. हाताने आतून तपासू नये. सोनोग्राफी करावी. कळा आणण्याची औषधं देऊ नयेत. प्रसूती सिझेरियननेच. उजव्या पायाला लिम्फची सूज आहे. सर्जनचा फोन : —"

ओपीडीतून

चांगलं आहे. टाका कोणत्या धाग्याचा, गाठ पुढच्या बाजूला की मागच्या, हे ऑपरेशन नोटमध्ये नसेल तर सर्जनना विचारून घाला. काढायची वेळ आली तर शोधणाऱ्याला तेच लागतं. आणि हेच पान गुजराती आणि इंग्रजीतही करा, ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही.

फिजिओ_अलकापुरी

उजव्या पायाच्या ओळीत "या पायाला सलाइन लावू नये" घाल. आणि टेपचे आकडे कुठे आहेत? दोन आठवडे झाले.

निशिगंध_दांडियाबाजार

घोटा अर्धा सेंटिमीटर जास्त, पोटरी दीड, मांडी सारखी. स्टॉकिंगचं माप द्यायला शनिवारी येते तुमच्याकडे, सकाळीच, पाय सुजायच्या आत. धाग्याचं आणि गाठीचं सर्जनना विचारते आणि इथे लिहिते.